उघड्यावरच्या पद्मिनीचा पावसाळा

आमची प्रीमियर पद्मिनी २०२५ चा अख्खा पावसाळा बेळगावजवळच्या येळ्ळूरला आक्काच्या परड्यात उघड्यावर उभी होती. गाडी १९८५ ची. वडिलांनी उद्यमबागेत लेथचं वर्कशॉप चालवत असताना घेतलेली, बेळगावातच नोंदलेली. जुनी गाडी काही महिने बाहेर ठेवायची कशी, यावर वाचायला भरपूर मिळतं, पण ते बहुतेक बर्फाच्या देशातलं असतं. तिथला शत्रू हिवाळा आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ. आपल्याकडची थंडी म्हणजे सकाळचं दव. ऊन आलं की संपलं. इथली परीक्षा मृगापासून हस्तापर्यंत. त्यामुळे जे केलं ते तारखांसकट लिहून ठेवतो आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात कुणाकडे अशी गाडी असेल आणि छप्पर नसेल, तर उपयोगी पडेल.

बेळगावच्या शहापुरातलं आमचं जुनं घर पाडून नव्यानं बांधायचं ठरलं होतं. अक्षय तृतीयेला, ३० एप्रिलला, कामाचा नारळ फुटणार होता. गाडी ज्या गोठ्यात उभी असायची तो आधी जाणार होता. मार्चपासून जागा शोधत होतो. आमच्या गल्लीत दोन दुचाकी समोरासमोर आल्या तर एकीनं थांबावं लागतं. वडगावात एका ओळखीच्यांचं बंद पडलेलं, कापड विणायच्या मागाचं शेड होतं, त्यांनी आनंदानं हो म्हटलं. पण दार मोजलं तर गाडी आत जाईना. पद्मिनी दीड मीटरच्या आतच रुंद आहे, तरीही. शेवटी आक्का म्हणाली, "आमच्या परड्यात लाव की. छप्पर नाही, पण जागा हाय."

मी मेस्त्रींना विचारलं. हे मेस्त्री वडिलांच्या वेळेपासून गाडीचं काम करतात. ते म्हणाले, "हे बघा ओ, वरनं पडलेलं पाणी वाळतंय. खालनं ओल आली आणि वारा लागला नाही की गाडी संपली." त्यांच्याकडे तेव्हा एक अँबॅसिडर कामाला आली होती. मालकानं ती दोन पावसाळे जाड प्लास्टिकच्या कव्हरमध्ये गच्च बांधून ठेवली होती. वरून थेंब आत गेला नव्हता, पण टपावरचा रंग फोडासारखा फुगला होता आणि दारांचा खालचा पत्रा बोटानं दाबला तर आत जात होता. जमिनीतून उठलेली वाफ कव्हरखाली अडकते, रात्री पत्र्यावर पाणी धरते आणि तिला बाहेर जायला वाट नसते. ती गाडी पाहिल्यावर माझं नक्की झालं. सगळी तयारी वारा खेळता ठेवण्यासाठी करायची, पाणी अडवणं त्याच्या मागून.

त्याआधी कागद. आमच्या आरसीची मुदत जूनअखेर संपत होती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी स्वतः आरटीओसमोर न्यावी लागते. ऐन आषाढात ताडपत्रीखालून बाहेर काढून नेणं शक्य नव्हतं. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो, फॉर्म २५ वर. मी मेच्या पहिल्या आठवड्यातच केला. शुल्क ५,००० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००, आणि ग्रीन टॅक्स वेगळा. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींचं हे शुल्क १०,००० केलं, तेव्हा आता जाणाऱ्यांनी तेवढी तयारी ठेवावी. मुदत उलटून गेली तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये जादा पडतात. गाडी बंद उभी आहे म्हणून ते थांबत नाहीत.

तपासणीला जाताना चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं घासून घेतलेली छाप, पीयूसी, विमा आणि जुनी आरसी लागली. चेसिस नंबरची पाटी रंगानं बुजली असेल तर आधीच साफ करून ठेवा, तिथं उभं राहून ते होत नाही. अधिकाऱ्यांनी दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक पाहिले, एचएसआरपी, म्हणजे सुरक्षा नंबरपाटी, पाहिली. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होते. एका रकान्यात अडलो तर खिडकीवरच्या बाईंनी अर्धं कन्नड, अर्धं मराठी करून नीट समजावून सांगितलं. नवं कार्ड महिन्याभरानं पोस्टानं आलं. त्यावर पुढच्या पाच वर्षांची तारीख बघून माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

बरेच जण विचारतात की व्हिंटेज नोंदणी का नाही केली. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते, आमची चाळिशीतली. शिवाय त्या नोंदणीचं शुल्क २०,००० आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. पीयूसी मात्र मुद्दाम मेमध्ये काढली. या वयाच्या गाडीला ती सहा महिनेच चालते, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत मोकळीक. कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत हवा. कार्बुरेटरचं आयडलिंग मेस्त्रींनी आदल्या दिवशीच बसवून दिलं होतं.

विम्यात थोडी निराशा झाली. गाडी परक्या अंगणात, उघड्यावर राहणार म्हणून आग आणि चोरीचं संरक्षण हवं होतं. वय ऐकून दोन-तीन ठिकाणी नकार आला, फक्त थर्ड पार्टी मिळाला. १,०८९ सीसी म्हणजे मधला गट, ३,४१६ आणि जीएसटी धरून ४,०३१ रुपये. चोरीची काळजी मग मीच घ्यायची ठरवली. गाडी लावल्यावर बॅटरी घरी आणली, डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून खिशात घातला. रोटर नसेल तर गाडी कुणी ढकलून नेली तरी सुरू होत नाही.

जागेचं काम दाजींनी मनावर घेतलं. परड्यात फणसाचं झाड आहे, त्याखाली सावली छान, पण झाडाखाली लावायची नाही हे मी आधीच सांगितलं होतं. पाऊस थांबला तरी झाड तासभर गळत राहतं, पानं वायपरखाली कुजतात आणि पक्ष्यांची विष्ठा रंग खाते. गवताच्या गंजीजवळही नको, तिथं उंदीर. भाताच्या खाचरापासून जरा उंचावरची, गोठ्याच्या पूर्वेची जागा निवडली. आपल्याकडे पाऊस घाटावरून, पश्चिमेकडून तिरका येतो. म्हणून गाडीची पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला ठेवलं. पद्मिनीच्या पुढच्या काचेखाली हवेची जाळी आहे. तिथून पाण्याचा मारा आत गेला की पायाखालचा पत्रा भिजलाच म्हणून समजा, आणि या गाड्यांचा पहिला सडतो तो तोच.

एक ट्रॉली मुरूम टाकून धुम्मसानं चोपला, २,४०० रुपये. मध्ये थोडा उंच, कडेला उतरता, भोवतीनं वीतभर चर. त्यावर शेततळ्याचा काळा कागद अंथरला, उरलेला तुकडा ११०० रुपयांना मिळाला. प्लास्टिकचं काम एवढंच. गाडीच्या वर ते चालत नाही, पण जमिनीवर अंथरलं तर मातीतली ओल खालीच अडकते. कागदावर चाकांपुरत्या सागवानी फळ्या, आमच्याच पाडलेल्या घराच्या. वडिलांनी कधीकाळी त्या फळ्यांना रंग दिला होता, तो अजून होता.

वरचं छत खानापूरकडच्या बांबूचं. मेदारांकडून पश्चिम बाजूसाठी तट्ट्या विणून घेतल्या. जमिनीपासून हातभर वर बांधल्या, म्हणजे झड अडते आणि खालून वारा फिरतो. पूर्व बाजू पूर्ण मोकळी. ताडपत्री टपापासून दोन फूट वर, आढं देऊन, दोन्ही बाजूंना उतार. बांबू आणि मजुरी ५,५००, ताडपत्री ३,२००. "पाव्हणं, एवढ्यात म्हशीला गोठा झाला असता," असं दाजी म्हणाले खरे, पण खांब त्यांनीच पुरले, आणि माझ्या अंदाजापेक्षा हातभर खोल पुरले. जुलैत त्याचं महत्त्व कळलं.

ठरल्याप्रमाणे गाडी जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर लावायची होती. पण २०२५ ला पाऊस लवकर आला, २४ मेला केरळात आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात. त्याआधीचे वळीव झोडपतच होते. मग उघडीप मिळेल तसं काम उरकलं. गाडी खालून धुतली आणि दोन दिवस कडक ऊन मिळेपर्यंत थांबलो. ओली गाडी झाकायची नाही, यावर मी ठाम होतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात. ती तारेनं मोकळी केली. एका दारातून मूठभर माती निघाली. डिकीच्या तळाला आणि बॅटरीच्या ट्रेखाली गंज होता. तारेच्या ब्रशनं घासून प्रायमर मारला. जुनं इंजिन ऑइल फवारण्याचा सल्ला गॅरेजांत सर्रास मिळतो, पण ते रबर खातं आणि पावसानं ओघळून भाताच्या पाण्यात जातं. म्हणून मेणाचं अँटिरस्ट मारून घेतलं, ३,५०० रुपये.

इंजिन ऑइल बदललं. वापरलेल्या तेलात आम्ल साठलेलं असतं, ते महिनोन् महिने बेअरिंगवर बसू द्यायचं नाही. रेडिएटरमधलं साधं पाणी काढून कूलंट घातलं, सगळ्या निपलांना ग्रीस. हे सगळं मिळून २,६०० रुपये.

पेट्रोलचा प्रश्न सगळ्यात अवघड. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. टाकी रिकामी ठेवली तरी दमट हवेनं गंजतेच. मेस्त्रींशी बोलून टाकी गळ्यापर्यंत भरली, म्हणजे आत हवाच कमी. मग पंपाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, कार्बुरेटर कोरडा झाला. टाकीच्या हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधली, कारण कुंभारीण माशी अशा नळीत मातीचं घर करते आणि मग पेट्रोल का येत नाही ते शोधताना माणूस वेडा होतो. सायलेन्सरच्या तोंडालाही जाळी.

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं आणि इंजिन हातानं फिरवलं. क्लचचं पेडल दाबून लाकडाच्या ठोकळ्यानं तसंच अडवून ठेवलं, नाहीतर दमटपणात प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. हँडब्रेक ओढायचा नाही, कारण लायनर ड्रमला धरतात. चाकांना लाकडी पाचरी लावायच्या. चाकांत नेहमीपेक्षा आठ-दहा पौंड जास्त हवा. बंपरच्या क्रोमला व्हॅसलीन, दारांच्या रबरांना ग्लिसरीन. रंगावर मेणाचं पॉलिश, आणि त्यावर आईच्या जुन्या सुती साड्या शिवून केलेलं दुहेरी कव्हर, पोटाखालून नाड्यांनी बांधलेलं. कव्हर सैल राहिलं तर वाऱ्यानं फडफडून रंग घासतं. काचा बोटभर खाली, फटीला मच्छरदाणीचं कापड.

निपाणीहून एका नातेवाइकांनी तंबाखूच्या काड्या पाठवल्या होत्या. उंदीर येऊ नयेत म्हणून त्या पुरचुंड्या बांधून बॉनेटखाली आणि डिकीत ठेवल्या. कपाटात ठेवतात ते ओल शोषणारे डबे आत ठेवले, सगळे मिळून ९०० रुपये. हे डबे ताटातच ठेवा. त्यात जमणारं पाणी खारट असतं, सांडलं तर पत्रा खातं.

मृग आणि आर्द्रा ठीक गेले. दर पंधरवड्याला येळ्ळूरला जायचो. कव्हर वर करायचं, दारं उघडायची, पाचरी काढून गाडी वीतभर पुढे-मागे ढकलायची म्हणजे टायर एकाच जागी चपटा होत नाही, डब्यातलं पाणी ओतायचं. इंजिन मात्र सुरू करायचं नाही. पाच मिनिटं चालवून बंद केलं की सायलेन्सरमध्ये पाणी धरतं. नीट तापेपर्यंत चालवणार असाल तरच हात लावावा. घरची बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज केली.

तरणा पाऊस लागला, म्हणजे पुनर्वसू, ६ जुलैनंतर, तेव्हा खरी झोप उडाली. रात्रभर वारा, आणि मी शहापुरात भाड्याच्या खोलीत पत्र्यावरचा पाऊस ऐकत पडलेलो. सकाळी आक्काचा फोन: "छत हाय जाग्यावर. एका कोपऱ्यात पाणी साठलंय." ताडपत्री आढ्याशेजारी सैल होऊन तिथं घमेलंभर पाणी तोललं गेलं होतं. दाजींनी खालून काठीनं उचलून ते सांडलं आणि मधे आणखी दोन आडवे बांबू घातले. खांब जराही हलले नव्हते. ताडपत्री घेताना कडेच्या भोकांना पितळेची कडी आहे का बघा आणि दोर सुताडीचा न घेता नायलॉनचा घ्या. सुताडी भिजून कुजते.

म्हाताऱ्या पावसात, जुलैच्या शेवटी, स्टिअरिंगवर आणि मागच्या सीटवर पांढरी बुरशी दिसली. पोटात गोळा आला. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्यानं पुसलं, काचा आणखी दोन बोटं खाली केल्या. त्यानंतर बुरशी परत आली नाही. माझ्या मते डब्यांपेक्षा त्या उघड्या फटींनीच जास्त काम केलं. एकदा कागदाच्या कडेला धामण पहुडलेली दिसली. दाजींनी तिला तशीच राहू दिली. बॉनेटखाली एकही तार कुरतडलेली सापडली नाही, याचं श्रेय तंबाखूला की धामणीला, ते मला सांगता येणार नाही.

मघा सरताना उघडीप मिळाली. २७ ऑगस्टला गणपती बसले, त्यानंतरच्या रविवारी कव्हर काढून गाडी दिवसभर उन्हात ठेवली. साड्या धुऊन वाळवल्या, मॅट उलटून पाहिले. खालचा पत्रा कोरडा होता. मी गाडीखाली आडवा होऊन टॉर्चनं इंच न् इंच पाहिला आणि बाहेर आल्यावर मला बोलायला सुचेना. आक्कानं चहा आणला तो तसाच गार झाला.

खंडेनवमी १ ऑक्टोबरला होती. वडील दर वर्षी त्या दिवशी वर्कशॉपमधल्या हत्यारांबरोबर गाडीची पूजा करायचे, म्हणून तोवर ती चालती करायची होती. २८ सप्टेंबरच्या रविवारी मेस्त्री येळ्ळूरला आले. हस्त लागला होता, आभाळ भरलेलं होतं. आधी प्लग काढून, रोटर न बसवता स्टार्टर मारला, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. टाकीच्या तळातून बाटलीभर पेट्रोल काढून उजेडात धरलं, पाण्याचा थर नव्हता. तरीही पहिल्यांदा सुरू करायला दुसऱ्या कॅनमधलं ताजं पेट्रोल दिलं. इंजिननं थोडी कुरकुर केली, मग सिलिंडरमधलं तेल जळून परडंभर पांढरा धूर झाला, आणि नंतर तो ओळखीचा आवाज स्थिर लागला. आक्काची नातवंडं टाळ्या वाजवत होती. मेस्त्रींनी मान हलवली आणि कार्बुरेटरवरचा हात काढला.

ब्रेकमध्ये मात्र दोष निघाला. मागच्या डाव्या चाकाचं सिलिंडर पाझरत होतं. ब्रेकचं तेलही हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे उभ्या गाडीत हे होतं आणि कितीही काळजी घेतली तरी तपासल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही. रबरांचा संच बेळगावात मिळाला नाही, कोल्हापुरातल्या एका जुन्या दुकानातून एसटीच्या पार्सलनं मागवला. मंगळवारी संध्याकाळी तो बसला, सगळं तेल नवं भरलं. संच, तेल, मजुरी धरून १,८५० रुपये. पावसाळ्याआधीच असा संच आणून ठेवावा. पद्मिनीचं उत्पादन थांबून पाव शतक झालं आणि मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे सुटे भाग हाताशी मिळतील हे दिवस सरत आले.

बुधवारी सकाळी गाडी वडगावमार्गे शहापूरला आणली. पहिले दोन किलोमीटर दुसऱ्याच गिअरात, दर थोड्या अंतरानं ब्रेक दाबून बघत. घराचा स्लॅब पडला होता, समोरच्या वाळूच्या ढिगाशेजारी उभी करून झेंडूची माळ घातली.

ठेवण्याचा सगळा खर्च, आरसी, विमा आणि ब्रेक सोडून, १९ हजारांच्या आसपास आला. त्यातला मुरूम, फळ्या, बांबू पुढच्या वर्षीही चालतील. घराचं काम लांबलंय, तेव्हा २०२६ चा पावसाळाही गाडी येळ्ळुरातच काढणार. या वेळी ताडपत्रीऐवजी जुने पत्रे टाकायचं दाजींनी सुचवलंय. आमच्या पाडलेल्या गोठ्याचे पत्रे पडून आहेत, फक्त त्यांखाली लाकडी वासे घ्यावे लागतील आणि वाऱ्यासाठी आढ्याला फट ठेवावी लागेल. मेच्या आत ते उरकायचं आहे.